सीताफळाचे डोळे

मनात साचलेले दुःख रंगांवाटे बाहेर पडते आणि माणूस हलका होतो, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, चित्रकलेच्या वर्गाच्या माहितीपत्रकापासून वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीपर्यंत ती जेथे जेथे भेटते तेथे तेथे तिच्याकडे कोणी दाखला मागत नाही. तिच्या मुळाशी मनाविषयीची एक यांत्रिक कल्पना आहे: मन हा शेगडीवर चढविलेला कुकर, भावना ही त्यातील वाफ आणि कला ही त्याची शिट्टी. व्हिएन्नाच्या ब्रॉयर आणि फ्रॉइड या दोघा वैद्यांनी १८९५ साली उन्मादाच्या रुग्णांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि कोंडलेल्या भावनेला वाट करून दिली की विकार ओसरतो असे प्रतिपादन केले, तेव्हापासून या कल्पनेवर शास्त्राचा शिक्काही बसला. पुढे खुद्द फ्रॉइडने ती पद्धत बाजूला ठेवून दुसरी धरली, परंतु लोकांनी मात्र पहिलीच जपून ठेवली.

चित्र काढण्याने शोकाकुल माणसाला आधार मिळतो याविषयी मला संशय नाही. संशय आहे तो या आधाराच्या रूढ कारणमीमांसेविषयी. आपल्या प्रांतातील काही चित्रकारांची चरित्रे, मानसशास्त्रज्ञांचे अलीकडचे काही प्रयोग आणि आमच्या बिबवेवाडीतील एका निवृत्त गृहस्थाची चित्रांची वही ही तिन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहिली असता मला असे दिसते की, दुःखावर थेट चाल करून जाणाऱ्यापेक्षा, त्या दुःखाच्या अगदी लगत पडलेली एखादी साधी, पण हाताला कठीण जाणारी वस्तू निवडून तिचे चित्र काढणाराच बहुधा तरून जातो. आरंभ वहीपासून करतो, कारण ती मी पानन् पान पाहिली आहे.

बिबवेवाडी हे हवेली तालुक्यातील एक जुने गाव. पुणे शहराने दक्षिणेकडे हातपाय पसरले तेव्हा ते महानगरपालिकेच्या हद्दीत गेले, शेतांचे भूखंड झाले, भूखंडांवर सहकारी गृहरचना संस्था उभ्या राहिल्या, आणि गुलटेकडीचे मार्केट यार्ड हाकेच्या अंतरावर असल्यामुळे पहाटे मालमोटारींच्या भोंग्यांनी जागे होण्याची सवय येथील रहिवाशांच्या अंगवळणी पडली. अशाच एका संस्थेत तिसऱ्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. खात्यातील रिवाजाप्रमाणे त्यांना सारे भाऊसाहेब म्हणत. ते संबोधन निवृत्तीनंतरही टिकले, आणि येथेही मी तेच वापरतो. वृत्तीने मितभाषी, हिशेबी, बोलण्यापेक्षा कागदावर विश्वास ठेवणारे. पत्नी अल्पशा आजाराने ऐन पावसाळ्यात गेली. दिवसकार्य आटोपून पाहुणे परतले, मुलगा आणि सून आपापल्या नोकऱ्यांवर रुजू झाले, नात शाळेत जाऊ लागली, आणि दिवसभराच्या घरात भाऊसाहेब एकटे उरले. कोणी त्यांना हास्यक्लब सुचविला, कोणी भजनी मंडळ, कोणी चारधाम यात्रा. त्या सर्व सूचना त्यांनी ‘पाहू’ असे म्हणून दप्तरी दाखल केल्या.

रंगांची पेटी हाताशी आली ती नातीमुळे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी परीक्षेला ती बसली होती, आणि परीक्षा उरकल्यावर मुलांच्या हातून जे व्हावयाचे ते होऊन कॅमलच्या जलरंगांची पेटी, दोन ब्रश आणि निम्मीअधिक कोरी वही कपाटाच्या तळाशी जाऊन पडली होती. भाऊसाहेबांनी स्वतः शाळेत असताना हीच परीक्षा देऊन ‘ब’ श्रेणी मिळविली होती. ज्यांनी ती दिली आहे त्यांना आठवत असेल की, तिच्यात एक विषय वस्तुचित्राचा असतो आणि एक स्मरणचित्राचा. पहिल्यात समोर मांडलेली वस्तू पाहून काढावयाची, दुसऱ्यात जत्रा, बाजार, बसथांबा असे प्रसंग आठवून काढावयाचे. भाऊसाहेब स्मरणचित्राच्या वाटेला गेले नाहीत. मार्केट यार्डात त्या दिवसांत पुरंदरकडचे सीताफळ उतरते. त्यातले एक त्यांनी ताटलीत ठेवले आणि समोर बसले.

सीताफळाचे चित्र काढणे हे आंब्याचे चित्र काढण्याइतके सोपे नाही. आंब्याला एक बाह्यरेषा असते आणि ती साधली की निम्मे काम होते. सीताफळाला असतात ते डोळे, आणि प्रत्येक डोळा हा एक स्वतंत्र उंचवटा असून त्याला स्वतःचा उजेड आणि स्वतःची सावली असते. देठाजवळचे डोळे लहान व दाटीवाटीचे, मध्यावरचे मोठे, कडेला वळणारे चपटे. एकाचा आकार चुकला की शेजारच्या चौघांना त्याची भरपाई करावी लागते. रंगाची गोष्ट त्याहून बिकट. वरचा हिरवा हा निखळ हिरवा नसतो, त्यावर पिठूळ, पांढुरकी झाक असते. आणि जलरंगात पांढरा हा बहुधा लावावयाचा रंग नसून कागद कोरा सोडून राखावयाचा असतो, म्हणजे हात कोठे थांबवावयाचा याचा निर्णय ब्रश टेकण्यापूर्वीच व्हावा लागतो. पावसाळी दमट हवेत कागद लवकर वाळत नाही आणि एका डोळ्याचा रंग दुसऱ्यात पाझरतो. उलट ऑक्टोबरच्या उन्हात खिडकीशी बसावे तर ब्रश उचलण्याआधीच रंग सुकून त्याच्या कडेला काळपट रेघ उमटते. भरीस भर म्हणजे फळ चित्रकारासाठी खोळंबून राहत नाही. सकाळी घट्ट मिटलेले डोळे दुसऱ्या दिवशी फाकू लागतात, मधल्या खाचांत पिवळट-गुलाबी छटा उतरते, आणि त्यापुढे देठाशी भेग पडून घरभर वास सुटतो. काल अर्धे काढलेले फळ आज समोर नसते.

अडचणींचे हे वर्णन मी मुद्दाम लांबविले, कारण माझ्या मते गुण आहे तो या अडचणींत. त्यांतील प्रत्येक अडचण एवढीच मोठी असते की तिच्यापुरता माणूस दुसरा विचार करू शकत नाही, आणि एवढीच लहान असते की ती सोडविता येते. जो शोक सुटण्याजोगा नाही त्याच्या सान्निध्यात दिवस काढणाऱ्याला, सुटण्याजोगे प्रश्न ओळीने पुरविणारे काम मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

सरकारी नोकरीत हयात गेलेल्या माणसाला नोंदीवाचून काम पुरे झाल्यासारखे वाटत नाही. प्रत्येक चित्राखाली भाऊसाहेबांनी शिसपेन्सिलीने तारीख घातली आहे आणि पुढे ‘शेरा’ असा रकाना आखून एक-दोन ओळींची कैफियत दिली आहे. वही अशा रीतीने चित्रांचा रोजनामा झाली आहे. आरंभीचे शेरे निव्वळ तांत्रिक: उजवीकडचे डोळे बिघडले, ऊन गेल्याने सावली बदलली, हिरवा संपत आला, आणणे. सीताफळाचा हंगाम सरल्यावर विषय बदलतात. मिसळणाचा डबा येतो, पोळपाट येतो, मध्येच अडकित्ता येतो, आणि पुढल्या मोसमात पुन्हा सीताफळ. आजाराचा, रुग्णालयाचा किंवा पत्नीच्या मुद्रेचा मागमूस वहीत कोठेही नाही. आणि मग दुसऱ्या मोसमातील एका सीताफळाखाली शेरा आहे: ‘ही म्हणाली असती, हिरवा फार झाला.’ पत्नीचा त्या वहीतील हा पहिला उल्लेख.

“भाऊसाहेब, सीताफळच का घेतलंत?” मी विचारले.

“बाजारात तेच होतं,” ते म्हणाले. मग वही मिटता मिटता, माझ्याकडे न पाहता, “हिला बासुंदीत घालायला लागायचं. एकेक बी काढत बसायची दुपारभर. मला काही हात लावू द्यायची नाही. म्हणायची, तुम्ही गर वाया घालवता.”

बाजारात तेच होते हे खरे, आणि दुपारभर बी काढीत बसणे हेही खरे. भाऊसाहेब पत्नीचे चित्र काढावयास बसले असते तर, माझी खात्री आहे, ते चित्र पुरे झाले नसते. कदाचित वहीही दुसऱ्या पानाच्या पुढे गेली नसती. जिच्यावर तिचा हात फिरत असे ती वस्तू त्यांनी घेतली, त्या वस्तूशी झगडत एक वर्ष काढले, आणि त्या वर्षाच्या शेवटी ती स्वतः चित्रात न येता चित्राच्या खाली, टीकाकार म्हणून, येऊन बसली. संसारात तिचे स्थान बहुधा तेच असावे.

एका माणसाच्या वहीवरून सिद्धान्त काढू नये हे मला मान्य आहे, म्हणून प्रयोगांकडे वळतो. अमेरिकेतील बोस्टन कॉलेजात एलन विनर आणि त्यांच्या सहकारी जेनिफर ड्रेक यांनी या प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात प्रौढ व्यक्तींना आधी मन विषण्ण करणारे चित्रपटातील प्रसंग दाखविण्यात आले. त्यानंतर काहींना मनात उठलेली भावना कागदावर उतरविण्यास सांगितले आणि काहींना त्या भावनेशी संबंध नसलेले काहीतरी काढण्यास. वाफेचा सिद्धान्त खरा असता तर पहिल्यांचे मन अधिक निवळावयास हवे होते. प्रत्यक्षात निवळले ते दुसऱ्यांचे. पुढल्याच वर्षी सहा ते बारा वयाच्या मुलांवरील त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांना मन खट्टू झाल्याचा एखादा प्रसंग आठवावयास लावून मग चित्र काढावयास दिले, आणि तेथेही तो प्रसंग रंगविणाऱ्यांपेक्षा घरासारखा असंबद्ध विषय काढणाऱ्या मुलांची मनःस्थिती अधिक सुधारलेली आढळली.

या प्रयोगांचा आवाका अर्थातच मर्यादित आहे. पडद्यावरील प्रसंगाने घटकाभर आलेली खिन्नता आणि अवघ्या संसाराचा जोडीदार गमावल्याचा शोक यांना एका मापाने मोजणे धाडसाचे होईल. शिवाय प्रयोगशाळेत ‘असंबद्ध’ ठरविलेला विषय माणसाच्या मनातही असंबद्ध असतो असे कोणी सांगावे? घर काढणाऱ्या मुलाचे घर कोणाचे होते, हे प्रयोगाच्या तक्त्यात येत नाही. परंतु या प्रयोगांनी एवढे निश्चित केले की, दुःखाचे चित्र काढले म्हणजे दुःख उतरते ही गोष्ट गृहीत धरून चालणार नाही. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातील गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली आणखी एक बाजू पुढे आणली. एकोणचाळीस प्रौढांना पंचेचाळीस मिनिटे रंग, माती, कागद यांच्याशी मनाजोगे काम करू दिले आणि आधी-नंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणदर्शक संप्रेरकाचे प्रमाण मोजले. सुमारे पाऊणपट लोकांत ते उतरले होते, आणि ज्यांना चित्रकलेचा पूर्वानुभव होता व ज्यांना नव्हता त्यांच्यात फरक पडला नाही. तुलनेसाठी दुसरा गट या अभ्यासात नव्हता, तेव्हा पंचेचाळीस मिनिटे नुसते स्वस्थ बसूनही ते उतरले असते असा आक्षेप घेता येतो. तरीही ‘ब’ श्रेणीवाल्यांना दिलासा देण्यापुरता तो अभ्यास पुरेसा आहे.

आता प्रयोगशाळेतून डहाणूकडे येऊ. जिव्या सोमा म्हसे हे नाव आज वारली चित्रकलेशी अभिन्नपणे जोडले गेले आहे. त्यांचा जन्म १९३४ चा. सात वर्षांचे असताना आई गेली, आणि त्या आघाताने त्यांची वाचा गेली. त्यांच्या चरित्रात असे नमूद आहे की, पुढे काही वर्षे ते बोलत नसत. काही सांगावयाचे असले म्हणजे धुळीत बोटाने चित्र काढून सांगत. शोकाने मुका झालेला हा मुलगा वारली समाजात वाढला, आणि त्या समाजात चित्र काढणे हे पुरुषाचे काम नव्हते. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहावयाचा तो सवाष्णींनी, आणि तोही विधीचा भाग म्हणून. म्हसे यांनी ती विधीची चित्रभाषा उचलून रोजच्या व्यवहारात आणली. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे कलाकार हस्तकलांच्या सरकारी शोधकार्यानिमित्त त्या भागात गेले, त्यांच्या नजरेला म्हसे पडले, आणि त्यानंतर १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, परदेशांतील प्रदर्शने, २०११ ची पद्मश्री असा प्रवास घडून २०१८ साली गंजाड येथील या चित्रकाराचे निधन झाले.

या सगळ्या चित्रसंभारात मृत आई शोधावयास गेलेल्याच्या हाती काही लागत नाही. तेथे आहेत त्या लावणीच्या रांगा, तारपा वाजविणाऱ्याभोवती वळसे घेणारे नाचाचे कडे, मुंग्यांची वारुळे, आणि मासे धरण्याचे ते विख्यात जाळे, ज्याची वीण जवळून पाहू लागले की तांदळाच्या पांढऱ्या टिंबारेघांची इतकी दाट आणि इतकी अविश्रांत वस्ती दिसते की डोळा कोठे टेकवावा हे कळत नाही. त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन एवढ्या सामग्रीवर आयुष्यभर हजारो माणसे, झाडे, जनावरे निर्माण करणाऱ्या या हाताने धुळीत पहिली रेघ ओढली ती बोलणे शक्य नव्हते म्हणून; पुढे बोलणे परत आले, तरी रेघ थांबली नाही. आईविना पोरक्या झालेल्या मुलाने रिकामी जागा राहूच न देणारी चित्रे काढावीत, यावरून एखादा मनोविश्लेषक लगोलग निष्कर्ष काढील. मी काढीत नाही, कारण त्या समाजातील भिंतीही दाट भरलेल्याच असतात.

दुसरे उदाहरण पंढरपूरचे. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म १९१५ साली पंढरपुरात झाला, आणि ते तान्हे असतानाच त्यांची आई वारली. तिचे एकही छायाचित्र नव्हते. मुलाला तिचा चेहरा आठवत नव्हता. पुढे वडिलांबरोबर इंदूर, मग मुंबईत चित्रपटांचे फलक रंगविणे, मग कीर्ती, आणि ती कीर्ती शिगेला पोहोचल्यावर १९८० च्या सुमारास त्यांनी मदर तेरेसांची चित्रमालिका हाती घेतली. निळ्या काठाची पांढरी साडी, तिच्या घड्यांत विसावलेली बालके, आणि पदराआड चेहऱ्याच्या जागी रिकामा काळोख. या चित्रांत आपण आपल्या आईला शोधीत होतो असे हुसेन यांनी वारंवार सांगितले आहे. आईचे चित्र काढणे त्यांना शक्यच नव्हते, कारण नमुना नव्हता. दुसऱ्याच एका ‘मदर’च्या साडीच्या आडोशाने त्यांनी ते काढले, आणि जे ठाऊक नव्हते ते ठाऊक नसल्याचे दाखवून मोकळे सोडले. हुसेन यांच्या चित्रांतील सफाईदारपणा मला पुष्कळदा खटकतो. या मालिकेतील आरंभीच्या चित्रांत तो खटकत नाही.

येथे कोणी नॉर्वेच्या एडवर्ड मुंकचे नाव घेऊन मला अडवील, आणि ते योग्यच होईल. मुंक तेरा वर्षांचा असताना, १८७७ साली, त्याची थोरली बहीण सोफी क्षयाने गेली. त्याने तिच्या शेजारच्या वस्तू काढल्या नाहीत. खोली, उशी, तिचे लालसर केस, शेजारी मान खाली घातलेली बाई, असे सारे समोरासमोर काढले, आणि १८८५-८६ साली प्रथम रंगविलेले ते ‘आजारी मूल’ त्याने पुढील चाळीस वर्षांत एकूण सहा वेळा रंगविले. परंतु पहिल्या चित्राची हकीकत पाहावी. वर्षभर तो ते रंगवीत होता, खरवडीत होता, पुन्हा रंगवीत होता. त्या खरवडण्याचे ओरखडे कॅनव्हासवर आजही दिसतात. म्हणजे बहिणीच्या मृत्यूशी झुंजता झुंजता तो रंगाच्या थराशी झुंजू लागला होता. तेवढ्याने त्याचा शोक शमला असे मात्र म्हणता येत नाही; शमला असता तर सहावे चित्र कशाला झाले असते?

आपल्याकडील शास्त्रकारांनी हा प्रश्न फार पूर्वी, आणि माझ्या मते अधिक काटेकोरपणे, हाताळला आहे. क्रौंचवधाने व्याकुळ झालेल्या वाल्मीकींचा शोक श्लोकरूप झाला ही कथा सर्वश्रुत आहे, आणि नवव्या शतकातील आनंदवर्धनाने काव्याच्या स्वरूपाविषयी बोलताना तिचा आधार घेतला आहे. त्यावर टीका लिहिणारा अभिनवगुप्त मात्र वाचकाला सावध करतो: हा शोक ऋषीचा व्यक्तिगत शोक समजू नये, तसा तो असता, ऋषी स्वतःच दुःखाने पोळत असता, तर त्याच्या हातून काव्य झाले नसते. काव्यात जो उतरतो तो कोणा एकाच्या मालकीचा न राहिलेला शोक. विसाव्या शतकात, १९३८ साली, ऑक्सफर्डच्या कॉलिंगवूडने वेगळ्या वाटेने जाऊन जवळपास याच मुक्कामाशी येऊन सांगितले की, भावना अंगावर दिसणे निराळे आणि ती व्यक्त करणे निराळे. रडणारा माणूस भावना दाखवितो, व्यक्त करीत नाही, आणि जो व्यक्त करू पाहतो त्याला काम पुरे होईपर्यंत आपल्याला नेमके काय वाटत आहे हे ठाऊकच नसते. भाऊसाहेबांनी अभिनवगुप्त वाचलेला नाही. पण आपल्याला सीताफळाविषयी नेमके काय म्हणावयाचे आहे हे कळावयास त्यांना दुसरा मोसम उजाडावा लागला, हे त्यांच्या वहीत तारखेनिशी नोंदलेले आहे.

चित्रकलेला उपचाराचे रीतसर नाव मिळाले ते इंग्लंडात. एड्रिअन हिल हा चित्रकार १९३८ साली क्षयाने मिडहर्स्टच्या आरोग्यधामात पडून होता; वेळ जाईना म्हणून तो खाटेवरून दिसेल ते काढू लागला, मग इतर रुग्णांना काढावयास लावू लागला, आणि युद्ध सुरू झाल्यावर तेथे आलेल्या जखमी सैनिकांनाही. १९४२ साली त्याने या कामाला ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले आणि १९४५ साली त्यावर पुस्तक लिहिले. खाटेवरून जे दिसेल ते, म्हणजे औषधाची बाटली, खिडकी, उशाचा मेज. येथेही आरंभ वस्तुचित्रानेच झाला हे नमूद करण्याजोगे आहे. पुण्यात या बाबतीत अनिल अवचटांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. शिक्षणाने वैद्य, १९८६ साली पत्नी सुनंदा यांच्यासह व्यसनमुक्तीचे ‘मुक्तांगण’ उभे करणारे, आणि लेखणीने आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखे नोंदविणारे हे गृहस्थ. त्यांनी स्वतः जोपासलेली चित्रे, कागदाच्या घड्या, लाकडातले कोरीवकाम, बासरी यांवर ‘छंदांविषयी’ हे पुस्तकच लिहिले. त्यांना त्या नादांना छंदच म्हणावेसे वाटले, ही गोष्ट मला फार समंजस वाटते.

कारण उपचार म्हटला की त्याच्या मागोमाग निदान येते, आणि चित्रावरून निदान करणाऱ्यांचा सुळसुळाट झाला आहे. मुलाने सूर्य काळा रंगविला की त्याला नैराश्य, झाडाला मुळे काढली नाहीत की असुरक्षितता, अशी कोष्टके छापून विकली जातात. सूर्य काळा होण्याचे कारण पिवळा रंग संपला हेही असू शकते, याची दखल त्या कोष्टकांत नाही. दुसरीकडे, ज्याची झोप आणि अन्न सुटले आहे, ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येत आहेत, त्याच्या हाती ब्रश देऊन स्वस्थ बसणे हा गुन्हा आहे. त्याला मनोविकारतज्ज्ञाकडेच नेले पाहिजे, रंगपेटी मागाहून. आणि एकच भीषण प्रसंग रोज रोज रंगवून ज्याचे मन रोज अधिक घायाळ होत आहे, त्याने तो विषय काही काळ बंद ठेवावा हे सांगावयासही शास्त्राची वाट पाहावयास नको. समोर पोळपाट ठेवावा.

राहता राहिला प्रश्न झालेल्या चित्रांचे काय करावे हा. सुनेने भाऊसाहेबांची दोन-तीन चित्रे चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावण्याचे मनावर घेतले होते.

“बाबा, ते दुसऱ्या वर्षाचं सीताफळ तरी लावू या. किती छान झालंय.”

“नको गं. वहीतलं पान फाडलं की अनुक्रम बिघडतो,” भाऊसाहेब म्हणाले, आणि तो विषय तेथेच निकालात निघाला.

याच्या दुसऱ्या टोकाला कोल्हापूरचे आबालाल रहिमान उभे आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव काढून कोल्हापुरास परतलेले, रंकाळ्याकाठच्या संध्यामठासारखी स्थळे जलरंगात जिवंत करणारे आणि शाहू महाराजांचा आश्रय लाभलेले हे चित्रकार कोटीतीर्थ तळ्याच्या काठी जवळजवळ फकिरासारखे राहत. १९२२ साली महाराज निवर्तले तेव्हा शोकाच्या भरात त्यांनी आपली चित्रे गठ्ठ्यांनी त्या तळ्यात बुडविली, असे कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. चित्रांचा नेमका आकडा सांगणारे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा आकडा निराळा आहे, तेव्हा त्यात शिरत नाही. ज्याने हयातभर चित्रे काढून मन राखले त्याला सर्वांत मोठ्या आघाताच्या वेळी चित्र काढणे न सुचता चित्रे मोडणे सुचले, आणि त्यानंतरही, १९३१ साली मृत्यू येईपर्यंत, तो त्याच तळ्याच्या काठी राहिला, हे माझ्या उपरिनिर्दिष्ट उपपत्तीत कोठेही नीट बसत नाही. त्यांची बचावलेली काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत. तिकडे जाणे झाल्यास त्यांतील पाणी रंगविलेले भाग सावकाश पाहावेत.